हुतात्म्यास हार, परतलेल्यास काय?

एक युद्धपट पाहून बाहेर पडताना आमच्या एका सहकाऱ्यांनी मत दिले की, सैनिकाच्या मनाची पडझड पडद्यावर दाखविणे हा त्याच्या शौर्याचा उपमर्द होय. अशाने राष्ट्राचे धैर्य खचते. हे मत सुशिक्षितांत इतके रुळलेले आहे की, त्याचा प्रतिवाद करणे आम्हांस अवश्य वाटते.

आपल्या हिंदी युद्धपटांची रीत पाहावी. 'हकीकत' (1964) पासून 'बॉर्डर' (1997) पर्यंत कथा बहुधा रणभूमीवरच संपते. घर दिसते ते निरोपापुरते वा शोकापुरते. जो पडला तो अमर झाला. पण जो परतला आणि रात्री दचकून उठतो, त्याचे पुढे काय झाले, हे कळण्याआधीच चित्रपटगृहातील दिवे लागतात.

विल्यम वायलर यांचा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज्' (1946) हा अमेरिकन चित्रपट नेमका तेथून आरंभतो. दुसरे महायुद्ध संपवून तिघे आपल्या गावी येतात. विमानातून बाँब टाकणारा कॅप्टन फ्रेड पुन्हा जुन्याच दुकानात नोकर म्हणून उभा राहतो आणि झोपेत त्यास जळते विमान दिसते. सार्जंट अॅल बँकेत परततो. पण मुले त्याच्यावाचून मोठी झालेली असतात, आणि तो मद्याचा आधार घेऊ लागतो. खलाशी होमरचे दोन्ही हात गेलेले आहेत. ही भूमिका करणारे हॅरॉल्ड रसेल पेशाने नट नव्हते. 1944 साली सैन्यातील प्रशिक्षणाच्या वेळी झालेल्या स्फोटात त्यांचे हात खरोखरच गेले होते. रात्री लोखंडी आकडे उतरविल्यावर आपण किती असहाय होतो, हे होमर आपल्या वाग्दत्त वधूस दाखवितो, आणि ती शांतपणे त्याच्या सदऱ्याची बटणे लावते. यात शौर्याचा उपमर्द कोठे झाला, हे आमच्या सहकाऱ्यांनी दाखवावे.

या चित्रपटास सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. अमेरिकेचे धैर्य काही खचले नाही. भय वाटले ते लष्करी अधिकाऱ्यांस. मनाने घायाळ झालेल्या खऱ्या सैनिकांवर जॉन ह्यूस्टन यांनी लष्करासाठीच केलेला 'लेट देअर बी लाइट' हा 1946 चा अनुबोधपट, रुग्णांच्या खाजगीपणाचे कारण पुढे करून, 1980 पर्यंत लोकांपासून दूर ठेवण्यात आला. कथेतले दुःख गौरविले गेले. खरे दुःख कुलुपात राहिले!

आम्ही कारकून माणसे. तुटलेला पाय कागदावर मांडता येतो, मोडलेली झोप मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. वर्षभराने सुटीवर घरी गेल्यावर आपलेच मूल आईच्या पदराआड लपते, हा अनुभव परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणांपैकी कोणास नाही? केवळ बदलीने एवढे अंतर पडते; मग रणातून आलेल्या माणसाच्या घरी काय होत असेल?

हुतात्म्याच्या तसबिरीस हार घालणे सोपे आहे. तसबीर मध्यरात्री ओरडून उठत नाही. जो उठतो, त्याची आणि त्याच्या उशाशी जागणाऱ्या पत्नीची कथा आपल्या निर्मात्यांनी सांगावी, आणि आपण ती शेवटपर्यंत बसून पाहावी. त्यास उपमर्द म्हणणारांस आमचा एकच प्रश्न आहे: आपणांस सैनिक प्रिय आहे, की केवळ त्याचे मरण?