आयफोनचा फोटो लॅपटॉपवर उघडत का नाही? भांडण पेटंटचं आहे

२०२५ च्या शेवटी एक बातमी आली आणि बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. एचपी आणि डेल यांनी आपल्या काही लॅपटॉपमध्ये एचईव्हीसी डीकोडिंगची सोय बंद ठेवली होती. प्रोसेसरमध्ये ती आहे, पण वापरता येत नाही. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? तर आयफोनवर काढलेला फोटो मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर उघडत नाही, त्यामागेही हेच एचईव्हीसी आहे.

२०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ॲपलने नव्या फोनमध्ये फोटो जेपीजीऐवजी एचईआयसी फॉरमॅटमध्ये साठवायला सुरुवात केली. दर्जा तोच, जागा जवळपास निम्मी. कल्पना उत्तमच, जेपीईजी १९९२ सालचं आहे. पण एचईआयसीच्या आत फोटो एचईव्हीसी पद्धतीने दाबून भरलेला असतो आणि त्या पद्धतीवर ढीगभर कंपन्यांची पेटंट्स आहेत. रॉयल्टी मागणाऱ्या संस्थाही एकापेक्षा जास्त. म्हणून मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर एचईआयएफचं एक्स्टेन्शन फुकट आहे, पण सोबत लागणाऱ्या एचईव्हीसी एक्स्टेन्शनला ०.९९ डॉलर मोजावे लागतात. सफारी हे फोटो दाखवतं, क्रोम आणि फायरफॉक्स दाखवत नाहीत.

याची किंमत कोण मोजतं, ते अमेरिकेत मे २०२० मध्ये दिसलं. कोरोनामुळे तिथल्या एपी परीक्षा घरून झाल्या. उत्तरं कागदावर लिहायची, फोटो काढायचा, अपलोड करायचा. कित्येक आयफोनवाल्यांचे एचईआयसी फोटो साइटने घेतलेच नाहीत आणि वेळ संपली. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचं म्हणणं, अडचण एक टक्क्याहून कमी मुलांना आली. पण ज्यांना आली त्यांना जूनमध्ये पुन्हा परीक्षा द्यायची वेळ आली! माझ्या मते चूक मुलांची नव्हतीच. लाखो लोकांच्या खिशात असलेला फॉरमॅट साइटला चालत नसेल, तर तिने तो स्वतः बदलून घ्यावा.

आपल्याकडेही भरतीचे आणि ॲडमिशनचे फॉर्म जेपीजीच मागतात. मग आपण काय करतो? फाइलचं नाव बदलून शेवटी 'जेपीजी' लावतो. हे चालत नाही. नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी, आतला माल तोच राहतो. फाइलच्या सुरुवातीच्या बाइट्सवरून सॉफ्टवेअरला खरा फॉरमॅट कळतो.

खरा उपाय सोपा आहे. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये फोटो सेव्ह करा, त्यावर बोट दाबून धरा, क्विक ॲक्शन्समध्ये कन्व्हर्ट इमेज निवडा आणि जेपीईजी करा (आयओएस १६ पासून ही सोय आहे). फॉर्मचा सीझन असेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवा. मात्र याने पुढचे फोटो जेपीजी होतील, जुने आहेत तसेच राहतील. सॅमसंगवाल्यांनी कॅमेरा सेटिंग्जमध्ये 'हाय एफिशिअन्सी पिक्चर्स' चालू आहे का ते बघा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो पाठवला तरी तो जेपीजी होतो, पण दर्जा उतरतो. मार्कशीटवरची बारीक अक्षरं मग वाचता येत नाहीत.

आणि गुगलवर पहिली दिसेल त्या 'फ्री कन्व्हर्टर' साइटवर आधारचा फोटो टाकू नका, प्लीज. तो कोणाच्या सर्व्हरवर जातो आणि किती दिवस राहतो हे तुम्हाला कळत नाही. फोनमध्येच सोय असताना ही जोखीम कशाला?

एव्हीआयएफ नावाचा रॉयल्टी नसलेला पर्याय आहे, आणि तो क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हीत उघडतो. पण आयफोनचा कॅमेरा अजून त्यात फोटो साठवत नाही, आणि आपल्या फॉर्मच्या साइट्स तर 'फक्त जेपीजी, ५० केबीच्या आत' यावरच अडून आहेत.