कुलूप राउटरला, तेही सांगून



मुलांच्या इंटरनेटबद्दल आपल्या मंडळीत दोन मते ऐकू येतात. काही पालक म्हणतात, मुलाच्या फोनमध्ये गुपचूप एखादे ॲप घालून ठेवावे, म्हणजे तो काय पाहतो ते कळत राहील. काही म्हणतात, आम्ही प्रार्थना करतो, मुले चांगली आहेत, एवढे पुरे. मला दोन्ही पटत नाही. कुलूप हवे, पण ते घरच्या राउटरला हवे आणि सगळ्यांना सांगून लावलेले हवे.

राउटरलाच का? आईचा फोन, बाबांचा लॅपटॉप, मुलीचा टॅब, बैठकीतला टीव्ही, सुटीत आलेल्या आतेभावाचा मोबाइल. एकेकावर बंधन घालत बसलो तर एखादे राहणारच. बहुधा टीव्ही! पण वायफायवरचे सारे त्या एकाच डब्यातून बाहेर जाते. आपण संकेतस्थळाचे नाव टाकले की यंत्र आधी त्याचा आकडी पत्ता विचारते. तो सांगणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०२० मध्ये कुटुंबांसाठी अशी मोफत सेवा सुरू केली. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे भरले की अश्लील किंवा घातक म्हणून नोंदलेल्या स्थळांचा पत्ता ती देतच नाही. त्याच बैठकीत राउटरचा पासवर्डही बदला. केबलवाल्याने ठेवलेला ‘ॲडमिन’ मुलांना आपल्याआधी ठाऊक असतो.

हे कुलूप बाबांच्या फोनलाही लागते. काहींना ते आवडणार नाही. मला मात्र हाच त्याचा मोठा गुण वाटतो. जेवताना स्वतः रील्स पाहायच्या आणि मुलाला संयम शिकवायचा, हे कोणते लेकरू ऐकेल?

याने सगळे भागते असे नाही. मोबाइल डेटा सुरू केला की राउटर बाजूलाच पडतो. व्हीपीएन घातले किंवा अँड्रॉइडमधले ‘प्रायव्हेट डीएनएस’ बदलले तरी वाट निघते, आणि ती वाट दाखवायला वर्गमित्र असतातच. व्हॉट्सॲपवर कोण काय पाठवतो हे तर डीएनएसला दिसतच नाही. लहान मुलाच्या फोनवर गूगलचे फॅमिली लिंक जरूर घाला, पण त्याला शेजारी बसवून.

गुपचूप पाळतीला माझा विरोध यासाठीच आहे. खेळता खेळता ओळख झालेला कोणी अनोळखी माणूस मुलीकडे फोटो मागतो, मग धमकावतो. त्या वेळी कोणतेही कुलूप कामाचे नसते. तिने आईकडे यावे लागते. आपल्यावर नजर ठेवली जाते हे तिला आधीच कळले असेल, किंवा ‘फोन काढून घेईन’ हेच घरात रोज ऐकले असेल, तर ती येणार नाही. म्हणून संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर सर्वांसमोर सांगा: राउटरवर काय लावले, का लावले, आणि काही वाईट दिसले तर सांगणाऱ्याचा फोन जाणार नाही. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ हाही तेव्हाच पाठ करून घ्या.

काही कंपन्यांच्या राउटरमध्ये डीएनएसचा रकाना बंद असतो. तसे असेल तर कंपनीला फोन करून विचारा, नाहीतर तेच आकडे प्रत्येक यंत्राच्या वायफाय सेटिंगमध्ये भरा. अँड्रॉइड फोनवर ते वायफायच्या नावाखालच्या ‘स्टॅटिक’ पर्यायात सापडतात.