कुंडीतलं बाळंतपण

बाग म्हटली की डोळ्यांपुढे बंगला येतो. पण अंबरनाथच्या बुवापाड्यात काय किंवा एखाद्या लहान गावात काय, बहुतेकींची बाग म्हणजे दारापुढच्या चार कुंड्या, रंगाच्या डब्यातली तुळस आणि भिंतीलगतची जास्वंद. बुलबुलाला तेवढी पुरते. लालबुड्या बुलबुलाची जोडी अगदी हाताला येईल अशा उंचीवर काटक्यांची वाटी बांधते. अंडी २-३. साधारण १४ दिवसांनी पिल्लं निघतात आणि पुढच्या जेमतेम दोन आठवड्यांत घरटं सोडतात. म्हणजे अख्खं बाळंतपण महिन्याभरात आटोपतं.

तेवढा एक महिना आपल्याला धीर धरवत नाही, मैत्रिणींनो! शेजारच्या मुलांना दाखवायला फांदी वाकवायची, मोबाइलवर फोटो काढायचे, ऊन लागतं म्हणून कुंडीच हलवायची. आडोसा गेला की घरटं कावळ्याला दिसतं, मांजरीला दिसतं. भारद्वाज आपल्याला शुभशकुनाचा. पण पिल्लं खाण्यात तोही मागे नसतो.

खरा घात होतो तो पिल्लू खाली दिसल्यावर. पंख फुटलेले, शेपूट आखूड, उडता येत नाही, म्हणून ते अनाथ ठरत नाही. बुलबुलाची पिल्लं नीट उडायच्या आधीच घरट्याबाहेर पडतात. आई-बाप जवळच चोचीत किडे घेऊन आपण बाजूला व्हायची वाट बघत असतात. आपण मात्र पिल्लाला खोक्यात घालतो, दूध-पोळी भरवतो, चोचीत पाणी सोडतो. ते पाणी श्वासनळीत गेलं की संपलंच. मांजर फिरत असेल तर त्याला उचलून जवळच्या फांदीवर ठेवावं, बस्स. पिसं न आलेलं पिल्लू पडलं असेल तर ते परत घरट्यात ठेवावं. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लू टाकते, हे खरं नाही. (पोरांना लांब ठेवायला मात्र ते सांगणं बरं पडतं.)

जास्वंदीवर मावा पडला तरी या दिवसांत औषध फवारू नका. तेच किडे पिल्लांच्या पोटात जातात. आणि घरातलं कुणी ‘घाण होते’ म्हणून घरटं काढायला निघालं, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगा. रानपक्ष्यांची अंडी, घरटी हलवणं-मोडणं हीसुद्धा त्यात शिकारच धरली आहे.

छाटणी, कुंडी बदलणं सगळं पिल्लं गेल्यावर. तोवर पाणी घालायचं ते बुडाशी, झटपट, आणि वर न बघता.