परक्या शहरांतले पहिले तीन दिवस

परक्या शहरीं गेलेल्या माणसास पहिली अडचण रस्त्यांची वाटते. पण खरी अडचण निराळीच असते. येथें आपणांस कोणी ओळखत नाहीं आणि आपल्यावांचून कोणाचें अडत नाहीं, हें सोसणें फार जड जातें. गेल्या महिन्यांत माझ्या वडील भगिनीस घेऊन मी डोंबिवलीस गेलों, तेव्हां याची प्रचीति आली.

आक्काचे यजमान दोन वर्षांपूर्वीं वारले. वाईच्या घरीं ती एकटी. मुलगा व सून डोंबिवलीस. "आई, आतां इकडेच रहावयास या," असा सुनेचा आग्रह. आक्का निघाली खरी, पण घराची किल्ली कनवटीस खोंवून. "आठ दिवस राहून पाहीन. मन रमलें नाहीं, तर तूंच मला परत पोंचव," असें तिनें मजकडून कबूल करून घेतलें.

पहिला दिवस वाईट गेला. सूनबाई कामावर निघतांना प्रेमानें म्हणाली, "आई, तुम्ही कांहीं करूं नका, नुसता आराम करा." दुपारीं आम्ही बहीणभाऊ फिरावयास बाहेर पडलों, ते स्टेशनाचा पूल चढून नकळत पलीकडे पश्चिमेस उतरलों. ज्यास पत्ता विचारावा, तो चालतां चालतांच उलट विचारी, "पूर्व कीं पश्चिम?" लोहमार्गानें या गांवाचे दोन भाग केले आहेत आणि येथील प्रत्येक पत्ता याच प्रश्नापासून सुरू होतो, हें आम्हांस कोठें ठाऊक! माझा हात घट्ट धरून आक्का म्हणाली, "अरे, येथें माणसें पुष्कळ, पण थांबणारें एकहि नाहीं." त्या रात्रीं तिनें किल्ली दोनदां चांचपून पाहिली.

मग मीं बेत बदलला. शहर जेथें धांवतें तेथें न जातां, जेथें तें घटकाभर बसतें, तेथें जावयाचें ठरविलें. दुसऱ्या दिवशीं कल्याण गांठलें. १८५४ सालीं आगगाडी येथवर आली. पुढें एक फांटा पुण्याकडे व दुसरा नाशिककडे गेल्यानें हें मोठें जंक्शन झालें. परंतु गांव त्याहून कितीतरी जुनें. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण घेतलें. मराठी आरमाराचा आरंभ याच खाडीवर झाला असें मानितात. दुर्गाडीवरून ती खाडी आक्कास दाखविली. नंतर १८६४ सालीं स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयांत गेलों. तेथें एका वृद्ध बाईंनीं आक्कास जागा करून दिली व विचारलें, "कुठच्या तुम्ही?" इतका साधा प्रश्न, पण आक्काचा चेहरा उजळला.

परततांना मीं तिला आनंदीबाई जोशी यांची आठवण करून दिली. कल्याणच्याच जोशी घराण्यांतील ही मुलगी १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, यजमानांवांचून अमेरिकेस गेली आणि १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाली. आक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिला तिकडे मराठींत 'कुठच्या तुम्ही' म्हणून कोणीं विचारलें असेल रे?"

तिसरा दिवस ठाण्याचा. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची गाडी २१ मैल चालून येथेंच आली. २०११ च्या शिरगणतींत या शहराची वस्ती १८ लाखांवर भरली. तरीहि मासुंदा तळ्याच्या कांठीं म्हातारीं माणसें निवांत बसलेलीं दिसलीं. कोपिनेश्वराचें दर्शन घेऊन, जांभळी नाक्यावर भाजीचा भाव करून आम्हीहि त्यांच्यांत जाऊन बसलों. "कृष्णामाईचा घाट नव्हे हा," आक्का म्हणाली, "पण पाणी तरी आहे."

चौथ्या दिवशीं सकाळीं आक्का घरांत नाहीं! सूनबाई घाबरली. अर्ध्या तासानें आक्का फुलें व कोथिंबिरीची जुडी घेऊन दारांत उभी. फडके रस्त्यानें एकटीच गणेशमंदिरांत जाऊन आली होती. "वाटेंत एका बाईनें मला पत्ता विचारला. मीं आधीं तिलाच विचारलें, पूर्व कीं पश्चिम?" असें सांगून ती मनापासून हंसली.

त्या दिवसापासून रोजची भाजी आणण्याचें काम सूनबाईनें तिच्याकडे सोंपविलें. वडील माणसांस शहरीं आणणाऱ्या मुलांसुनांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: आराम देणें सोपें आहे, त्यांच्यावांचून अडेल असें एखादें काम देणें अधिक मोलाचें. नुसता आराम मिळालेला माणूस कितीहि दिवस राहिला, तरी पाहुणाच रहातो.

किल्ली अद्याप आक्काच्या कनवटीसच आहे. मात्र परतीचा विषय तिनें पाडव्यापर्यंत पुढें ढकलला आहे. १९९९ पासून डोंबिवलींत निघणारी नववर्षाची शोभायात्रा तिला पहावयाची आहे म्हणे.