वैरणीचे वय

पेरणीचा दिवस ठरविताना शेतकरी नक्षत्र पाहतो, जमिनीतील ओल पाहतो, घरातील वडीलधाऱ्यांना विचारतो. कापणीचा दिवस मात्र, पीक वैरणीचे असले की, बहुधा सवडीवर सोपविला जातो. धान्याची कापणी लांबली तर झडलेले दाणे डोळ्यांना दिसतात. वैरणीचे नुकसान शेतात दिसत नाही. ते दुधाच्या चरवीत दिसते.

छत्तीसगड हा भाताचा प्रदेश. रायपूर शहरातील गुढियारीत किंवा आसपासच्या खेड्यांत गाय बाळगणाऱ्या कुटुंबाला भाताचा पेंढा सहज मिळतो. तिकडे त्यास ‘पैरा’ म्हणतात. परंतु या पेंढ्याच्या शुष्क भागात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. त्याने जनावराचे पोट भरते, पोषण होत नाही. म्हणून भात निघाल्यावर, पाण्याची सोय असेल तेथे, नोव्हेंबरात ओटाचा एक तुकडा पेरणे हिताचे ठरते. ‘केंट’ हा या पिकाचा जुना परिचित वाण. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा एकाहून अधिक कापण्या देणारा वाण होय.

आता प्रश्न उरतो कापणीचा. कोवळ्या ओटात प्रथिने भरपूर असतात, पण पाणीही फार असते. अशा २० किलो वैरणीतून शुष्क अन्न अवघे ३ किलोच्या आसपास हाती येते. पुढे पीक पोटरीतून निसवते, फुलोऱ्यात येते. वजन वाढत जाते आणि मालकाला वाटते, आणखी पंधरवडा थांबावे. परंतु त्याच काळात पानांचे प्रमाण घटते, खोड राठ होते, प्रथिनांचा वाटा उतरतो. मग भारा मोठा दिसतो, पण गाय पाने खाऊन खोडे गव्हाणीत टाकते. ओटाची एकच कापणी घ्यावयाची असेल तर निम्मे पीक फुलोऱ्यात येताच विळा लावावा. दोन कापण्या हव्या असल्यास पहिली ५० ते ५५ दिवसांनी, जमिनीपासून चार बोटे बुडखा राखून घ्यावी. लगेच पाणी व नत्र दिल्यास दुसरा फुटवा जोमाने येतो. मूरघास करावयाचा असेल तर मात्र दाण्यात चीक भरेपर्यंत थांबणे योग्य, कारण अतिओली वैरण खड्ड्यात नासते.

येथे छोट्या गोठ्याची खरी अडचण समोर येते. एका गाईसाठी रोज भारा-दीड भारा कापावयाचा, तर सारा तुकडा एकाच दिवशी योग्य वयाचा असून काय उपयोग? पहिला भारा कोवळा निघतो आणि शेवटचा जून. यावर सोपा उपाय आहे. तुकड्याचे तीन पट्टे करावे आणि ते दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरावे. मग प्रत्येक पट्टा आपापल्या वेळी योग्य वयात येतो. जमीन तेवढीच, श्रम जवळजवळ तेवढेच. बदलते ती केवळ आखणी.

सोलापूरकडील वाचक म्हणतील, आमच्या मालदांडी ज्वारीचे काय? तेथे धान्य आणि कडबा दोन्ही हवे असतात, म्हणून दाणा भरेपर्यंत थांबावेच लागते. पण दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पूर्ण भरला असे समजावे. त्यानंतर ताटे उभी ठेवल्यास पाने वाळून झडतात आणि कडब्याचा कस जातो. ज्वारीचे कोवळे पीक हिरवे चारण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्यातील विषारी द्रव्याने जनावर दगावते. ओटात हे विष नसले, तरी नत्र फार दिले आणि आभाळ ढगाळ राहिले तर कोवळ्या पिकात नायट्रेट साठते. म्हणून आरंभी हिरवी वैरण थोडी द्यावी आणि पेंढ्याच्या कुट्टीत मिसळूनच द्यावी.

ज्या घरात दुधाचा एक वाटा मुलांना जातो आणि उरलेल्यावर किराणा येतो, तेथे विकतच्या पेंडीचा खर्च जड होतो. वेळेवर कापलेला ओट पेंडीची गरज पुरती भागवीत नाही, परंतु तिचे प्रमाण कमी करतो. यंदा पेरणीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहिताना तिच्यापुढे पहिल्या कापणीची तारीखही लिहून ठेवावी. आणि तो दिवस जवळ आला की शेतात जाऊन पीक किती निसवले आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.