बेळगावचा न्याय जतला का नको?

१/ सीमाप्रश्न म्हटला की मराठी मनासमोर बेळगाव, निपाणी, खानापूर उभी राहतात. सांगली जिल्ह्यातील जत क्वचितच आठवते. ज्या सीमारेषेने बेळगावचा मराठी माणूस कर्नाटकात अल्पसंख्य ठरला, तिनेच जतचा कन्नड भाषक महाराष्ट्रात अल्पसंख्य ठरवला.

२/ हा कन्नड भाषक उपरा नव्हे. जत हे डफळे घराण्याचे संस्थान, सातारा जहागिरींपैकी एक. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ साली सातारा जिल्हा विभागून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला; १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. जिल्ह्याच्या पाट्या बदलल्या, माणसे जागची हलली नाहीत.

३/ १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे तो सांगतो. त्यात ना मराठीचे नाव आहे, ना कन्नडचे. बेळगावातील मराठी शाळांसाठी ज्याचा आधार घ्यायचा, त्याकडे जतमध्ये पाठ फिरवता येत नाही.

४/ महाराष्ट्राने काहीच केले नाही, असे नव्हे. जतमध्ये जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. बालभारतीने कन्नड पाठ्यपुस्तकेही छापली. परंतु २०२४ साली याच शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याची तक्रार झाली. पुस्तक कन्नड आणि गुरुजींना कन्नड येत नाही, तर ती शाळा केवळ फलकापुरती कन्नड उरते. पहिलीतल्या मुलाने मग शिकायचे कोणाकडून?

५/ आक्षेप ठरलेला आहे : कन्नड शाळा म्हणजे फुटीरतेला खतपाणी. २०२२ साली कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या गावांच्या ठरावाचा हवाला देऊन दावा सांगितला. तेव्हा देवेंद्र फडणवीस यांनीच स्पष्ट केले की तो ठराव २०१२ चा, पाणीटंचाईतून झालेला. गावे दुरावतात ती कोरड्या विहिरींमुळे, कन्नड बाराखडीमुळे नव्हे.

६/ मोल्दोव्हाचा इतिहास पाहावा. १९८९ च्या भाषा कायद्याने मोल्दोव्हन ही राज्यभाषा झाली. या धोरणाने रशियन भाषकांत भय पसरले, १९९० साली ट्रान्सनिस्ट्रियाने वेगळेपण घोषित केले आणि १९९२ साली युद्ध झाले. भाषा हे एकमेव कारण नव्हते, पण ठिणगी तिचीच होती. त्याच देशातील गागाऊझ समाजाला १९९४ साली स्वायत्तता आणि त्याच्या भाषेला अधिकृत स्थान मिळाले. तो प्रश्न रक्तपाताविना मिटला.

७/ २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील प्रत्येक शाळेत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. ते योग्यच, जतच्या मुलाला मराठी यायलाच हवी. पण मराठी हा विषय शिकवणे वेगळे आणि कन्नड माध्यम आतून पोकळ करणे वेगळे.

८/ महाराष्ट्र २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमावासीयांच्या भाषिक हक्कासाठी उभा आहे. त्या दाव्याचे नैतिक बळ जतच्या वर्गखोलीत तपासले जाईल. प्रत्येक कन्नड शाळेला कन्नड माध्यमात शिकलेला शिक्षक द्यावा. हे उपकार नव्हेत. महाराष्ट्र बेळगावसाठी मागतो तोच हा न्याय आहे.