फळा उतरविणे म्हणजे लेखन नव्हे

दासोपंतांनी (१५५१–१६१५) अंबाजोगाईस सुमारे ४० फूट लांबीच्या कापडी पासोडीवर ग्रंथ लिहिला. त्या बीड जिल्ह्यास लेखनाची थोरवी कोणी सांगावयास नको. परंतु दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात आणि कित्येक मुलांची पाटी-पुस्तके पाच-सहा महिने मिटतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहतात, हे खरे. पण हजेरीपटावर नाव राहिल्याने अक्षर टिकत नाही. फळ्यावरचे उतरविणे म्हणजे लेखन नव्हे आणि धडा घोकणे म्हणजे वाचन नव्हे. पहाटेच्या फडाचे, आईच्या कोयत्याचे वर्णन मुलाने आपल्या बोलीत लिहावे व वर्गास वाचून दाखवावे. शुद्धलेखनाची लाल शाई मागाहून चालेल. ज्याचे लिहिणे कोणी ऐकते, तो पुढचे पुस्तक आपणहून उघडतो. तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचता यावे, असा संकल्प ‘निपुण भारत’ने २०२१ मध्ये सोडला. तो तडीस न्यावयाचा तर फडावरून परतलेल्या मुलास मागच्या बाकावर न बसविता त्याची वही प्रथम वाचावी. मराठीस २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला. त्याची खरी कसोटी याच वहीत आहे, असे आम्हांस वाटते.